खोताची वाडी आणि माथारपाखाडी : मुंबईतील पिढीजात घरांचे ज्येष्ठ मालक आणि पुनर्विकासास झालेला प्रतिकार – एक ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा

मुंबई बेटावरील जुन्या वाड्या व पाखाड्यांतील स्वमालकीची घरे गेल्या काही दशकांत झपाट्याने नाहीशी झाली. जी टिकली, ती बहुतांशी वयोवृद्ध मालकांनी विक्रीस दिलेल्या नकारामुळे टिकली. प्रस्तुत लेखात खोताची वाडी (गिरगाव) आणि माथारपाखाडी (माझगाव) या दोन वस्त्यांच्या आधारे या नकाराची ऐतिहासिक पार्श्वभूमी तपासली आहे. भाडे नियंत्रण, चटईक्षेत्र निर्देशांक, वारसा नियमावली आणि वारसाहक्काचा कायदा या चार चौकटींत हा प्रतिकार घडला व मर्यादितही झाला, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : वाडी, पाखाडी, ईस्ट इंडियन समाज, भाडे नियंत्रण, पुनर्विकास, वारसा परिसर, वारसाहक्क.

प्रस्तावना

मुंबईच्या इतिहासलेखनात बंदर, गिरण्या, चाळी आणि कामगार चळवळ यांना योग्य स्थान मिळालेले आहे. त्या तुलनेत शहराच्या पोटात राहिलेल्या जुन्या वस्त्यांतील लहान घरमालकांचा इतिहास फारसा लिहिला गेलेला नाही. हा वर्ग जमीनदार नव्हता, बिल्डर नव्हता आणि भाडेकरूही नव्हता. आजोबा-पणजोबांनी बांधलेल्या एक-दोन मजली घरात राहणारा, नोकरी वा लहान व्यवसाय करणारा आणि घर हीच एकमेव मोठी मिळकत असलेला हा वर्ग होय.

गिरगावातील खोताची वाडी हे या वर्गाचे सर्वपरिचित उदाहरण आहे. या वाडीत एकेकाळी ६५ घरे होती असे सांगितले जाते. आज त्यांतील तीसहून कमी उरली आहेत. या घटीची कारणे सामान्यतः ‘बिल्डरांचा लोभ’ आणि ‘जुन्या पिढीचे भावनिक नाते’ अशा दोन शब्दप्रयोगांत सांगितली जातात. ही मांडणी अपुरी आहे. भावना सर्वच घरांत होत्या. तरीही काही घरे राहिली आणि काही गेली. हा फरक का पडला, हा प्रस्तुत लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. मुंबईतील वाडी-पाखाडी या वस्तीप्रकाराची जडणघडण समजून घेणे.
२. या वस्त्यांवर वेगवेगळ्या कालखंडांत आलेल्या विकासाच्या दडपणाचे स्वरूप तपासणे.
३. ज्येष्ठ घरमालकांच्या प्रतिकाराचे मार्ग आणि त्याच्या मर्यादा स्पष्ट करणे.

अभ्यासाची पद्धती व व्याप्ती

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. संबंधित कायदे, विकास नियंत्रण नियमावली आणि मुंबईच्या नागरी इतिहासासंबंधीची प्रकाशित माहिती यांचा आधार घेतला आहे. अभ्यासाचा भर मुंबई बेटावरील दोन वस्त्यांवर असून वांद्रे येथील गावठाणे व शिवाजी पार्क परिसर यांचा उल्लेख तुलनेपुरता आला आहे.

वाडी आणि पाखाडी : वस्तीची जडणघडण

‘वाडी’ या शब्दाचा मूळ अर्थ झाडांची बाग असा आहे. गिरगाव हा एकेकाळी नारळीच्या बागांचा प्रदेश होता. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी ही गिरगावातील नावे त्या भूतकाळाची साक्ष देतात. बागांच्या जागी वस्ती आली तरी नावे राहिली, आणि नावांबरोबर वस्तीची रचनाही काही प्रमाणात राहिली. अरुंद गल्ली, मध्ये विहीर, घरासमोर ओटा आणि शेजाऱ्याच्या अंगणातून जाणारी पायवाट ही ती रचना होय.

खोताची वाडी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वसली असे मानले जाते. पाठारे प्रभू समाजातील दादोबा वामन खोत यांच्याकडे ही जमीन होती आणि त्यांनी येथील ईस्ट इंडियन कुटुंबांना घरांसाठी जागा दिल्या, अशी परंपरागत माहिती आहे. वाडीच्या नावात हिंदू खोत आणि वाडीच्या घरांत ख्रिस्ती कुटुंबे, असा हा योग आहे. पुढील काळात येथे इतर समाजांतील कुटुंबेही राहिली. लाकडी जिना बाहेरच्या बाजूने असलेली, पुढे मोकळा व्हरांडा व कौलारू छप्पर असलेली येथील घरे पोर्तुगीज प्रभावाच्या गृहरचनेचा नमुना मानली जातात.

ईस्ट इंडियन समाज हा उत्तर कोकणातील मूळ रहिवाशांपैकी पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झालेला समाज होय. वसई प्रांत १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेला आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी तो जिंकून घेतला. धर्म बदलला तरी या समाजाची घरातील बोली मराठीच्याच कुळातील राहिली. गोवा व मंगळूरकडून मुंबईत येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपासून आपले वेगळेपण दाखविण्यासाठी, आणि कंपनी सरकारच्या जुन्या सेवेचा दाखला देऊन नोकऱ्यांत स्थान टिकविण्यासाठी, या समाजाने १८८७ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले व त्याच वर्षी ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ची स्थापना केली. ‘आम्ही येथले मूळचे’ हा दावा प्रथम नोकरीसाठी केला गेला होता. एका शतकानंतर तोच दावा घर आणि जमीन यांसाठी करावा लागला.

माझगावातील माथारपाखाडी ही अशीच दुसरी वस्ती आहे. लोकमान्य टिळकांचे सहकारी, १९१६ मध्ये स्थापन झालेल्या होमरूल लीगचे अध्यक्ष आणि १९२५ मध्ये मुंबईचे महापौर झालेले जोसेफ बाप्टिस्टा, म्हणजेच ‘काका बाप्टिस्टा’, हे याच पाखाडीचे. या वस्त्या शहराच्या सार्वजनिक जीवनापासून अलिप्त नव्हत्या, हे या एका नावावरून लक्षात येते.

या वस्त्यांतील घर हे एकटे घर नसते. लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी आणण्याचा ‘उंबराचे पाणी’ हा ईस्ट इंडियन विधी विहिरीवाचून होत नाही. मे महिन्यात क्रुसापुढे होणाऱ्या सामुदायिक प्रार्थनेला क्रूस, त्यासमोरची मोकळी जागा आणि जवळपास राहणारी माणसे या तिन्हींची गरज असते. एक घर पडले की त्या घराबरोबर या सामायिक व्यवस्थेचाही एक भाग निखळतो. म्हणूनच घर विकण्याचा निर्णय कायद्याने एका मालकाचा असला तरी त्याचा परिणाम संपूर्ण पाखाडीवर होतो.

पहिले दडपण : प्लेग आणि सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट

जुन्या वस्त्यांवर ‘सुधारणे’च्या नावाने आलेले पहिले मोठे दडपण ब्रिटिश काळातील आहे. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगची साथ सुरू झाली. दाट वस्ती, अंधाऱ्या खोल्या व खेळत्या हवेचा अभाव ही रोगाची कारणे मानली गेली आणि १८९८ मध्ये ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. ट्रस्टला सक्तीने जमीन संपादन करण्याचे अधिकार होते. नागपाडा, प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड या योजनांत जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले गेले. सँडहर्स्ट रोड, म्हणजे आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, गिरगावच्या बाजूने चौपाटीपर्यंत आला.

त्या काळातील घरमालकाचा प्रतिकार प्रामुख्याने नुकसानभरपाईच्या रकमेविषयी होता. त्यासाठी न्यायाधिकरणाची तरतूद होती. घर जाणार हे गृहीत होते. वाद किंमतीचा होता. मात्र या काळाने वस्त्यांवर एक वेगळी खूणही ठेवली. प्लेगपासून रक्षण व्हावे म्हणून मुंबई व साष्टीतील अनेक पाखाड्यांत क्रूस उभारले गेले. ज्या साथीने सरकारला जुनी वस्ती पाडण्याचे कारण दिले, त्याच साथीने रहिवाशांना त्या वस्तीशी बांधणारे एक श्रद्धास्थान दिले. पुढे रस्तारुंदी वा बांधकामाच्या प्रसंगी या क्रुसांच्या रक्षणाचा प्रश्न वारंवार पुढे आला.

भाडे नियंत्रण : मालक आणि भाडेकरू यांचे भिन्न मार्ग

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या घरटंचाईत मुंबई भाडे नियंत्रण कायदा, १९४७ संमत झाला. या कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हा प्रमाणभाड्याचा आधार ठरविला. भाडेकरूला संरक्षण मिळाले. पण दुरुस्तीचा खर्च वाढत गेला आणि भाडे जागेवरच राहिले. मालकांनी दुरुस्ती सोडली, इमारती मोडकळीस आल्या. १९६९ च्या कायद्याने उपकर गोळा करून दुरुस्ती मंडळ स्थापन करण्यात आले. त्या वेळी उपकरप्राप्त इमारतींची संख्या सुमारे १९,६०० होती. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात गोठविलेल्या प्रमाणभाड्याची तरतूद कालौघात अवाजवी ठरल्याचे मत नोंदविले. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला व तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्यात वर्षाला ४ टक्के भाडेवाढीची मुभा देण्यात आली.

या इतिहासाचा वाडीतील घरमालकांशी दुहेरी संबंध आहे. ज्यांनी घराचा एखादा मजला किंवा दोन खोल्या भाड्याने दिल्या होत्या, त्यांना त्या खोल्या परत मिळाल्या नाहीत आणि त्यांतून छपराचे कौल बदलण्याइतकेही उत्पन्न मिळाले नाही. ज्यांनी संपूर्ण घर स्वतःच्या वापरात ठेवले, त्यांचा ताबा अबाधित राहिला. पन्नास वर्षांनंतर विक्रीचा प्रस्ताव आला तेव्हा या दुसऱ्या गटाला नकार देणे अधिक सोपे होते. नकाराची ताकद मालकाच्या स्वभावापेक्षा १९४७ मध्ये त्या घरात कोण राहत होते यावर बरीच अवलंबून होती, असे म्हणता येते.

गिरगावातील चाळींचे चित्र याहून वेगळे आहे. चाळ हीसुद्धा पिढीजात वस्तीच होती. १८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव जिथे सुरू झाला ती केशवजी नाईकांची चाळ गिरगावातलीच. परंतु चाळीतील वृद्ध भाडेकरूला पुनर्विकासात स्वतःच्या मालकीची, स्वतंत्र शौचालय असलेली सदनिका मिळणार होती. वाडीतील वृद्ध मालकाला असलेले घर द्यावे लागणार होते. एकाच गल्लीच्या दोन टोकांना राहणाऱ्या, एकाच वयाच्या दोन व्यक्तींच्या भूमिका म्हणूनच परस्परविरोधी असू शकत होत्या. ‘जुनी पिढी पुनर्विकासाच्या विरोधात असते’ हे विधान त्यामुळे सरसकट करता येत नाही.

चटईक्षेत्र निर्देशांक आणि जमिनीची नवी किंमत

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत मुंबई शहरासाठी १.३३ हा मूळ चटईक्षेत्र निर्देशांक होता. त्याच नियमावलीतील ३३(७) या नियमाने जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासासाठी वाढीव निर्देशांक दिला. १९९९ मध्ये तो २.५ वर नेण्यात आला, तर २०११ मध्ये ३ करण्यात आला. समूह पुनर्विकासासाठीच्या ३३(९) या नियमात २००९ मध्ये ४ पर्यंतची तरतूद झाली. रहिवाशांच्या संमतीची अट सुरुवातीला ७० टक्के होती. पुढे ती ५१ टक्क्यांवर आणली गेली.

हे आकडे तांत्रिक वाटले तरी त्यांचा अर्थ घरगुती भाषेत सांगता येतो. दोन मजली घराच्या जमिनीवर किती मजले चढविता येतील, हे या आकड्यांनी ठरविले. घराच्या भिंती, जिना, व्हरांडा यांची किंमत या हिशेबात शून्य होती; किंमत होती ती फक्त त्या घराने ‘अडविलेल्या’ आकाशाची. उदारीकरणानंतरच्या काळात जमिनीचे भाव वाढत गेले तसे या रिकाम्या आकाशाचे मोल घरापेक्षा कितीतरी अधिक झाले. घरमालक मात्र निवृत्तिवेतनावर किंवा मुलांनी पाठविलेल्या पैशांवर जगत होता. कागदोपत्री कोट्यधीश आणि प्रत्यक्षात छपराच्या डागडुजीला महाग, अशी त्याची अवस्था झाली.

वारसा नियमावली : वास्तूचे रक्षण, मालकाची जबाबदारी

१९९५ मध्ये बृहन्मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली. देशातील अशा प्रकारची ही पहिली नियमावली मानली जाते. विकास नियंत्रण नियमावलीत ६७ व्या नियमाच्या रूपाने तिचा समावेश झाला, वास्तू व परिसरांची तीन श्रेणींत विभागणी झाली आणि मुंबई वारसा संवर्धन समिती नेमली गेली. खोताच्या वाडीला या व्यवस्थेत तिसऱ्या श्रेणीचा वारसा परिसर म्हणून स्थान मिळाले. माथारपाखाडीही वारसा परिसर म्हणून ओळखली जाऊ लागली.

या नियमावलीमुळे वाडीतील ज्येष्ठांना प्रथमच एक सार्वजनिक भाषा मिळाली. तोपर्यंत ‘आम्हांला घर विकायचे नाही’ हे खासगी विधान होते. आता ‘हा परिसर शहराचा वारसा आहे’ असे लेखी म्हणता येऊ लागले, महापालिकेकडे व वारसा समितीकडे हरकत नोंदविता येऊ लागली. परंतु या संरक्षणात दोन मोठ्या उणिवा होत्या.

पहिली उणीव श्रेणीची होती. तिसऱ्या श्रेणीत बदलांना बरीच मोकळीक आहे. शिवाय १९९९ मधील दुरुस्तीने या श्रेणीतील व वारसा परिसरांतील उपकरप्राप्त इमारतींना वारसा समितीच्या परवानगीच्या अटीतून सूट मिळाली. वारसा आणि पुनर्विकास यांचा संघर्ष जिथे सर्वांत तीव्र होता, तिथेच संरक्षण सैल झाले.

दुसरी उणीव अधिक मूलभूत आहे. नियमावलीने वास्तूचा विचार केला. ती वास्तू रोज झाडून-पुसून उभी ठेवणाऱ्या मालकाचा विचार अपुरा केला. विकासाचा हक्क गमावणाऱ्या मालकास हस्तांतरणीय विकास हक्काची तरतूद होती, हे खरे. तथापि, तो हक्क मिळविणे, त्यासाठी कागदपत्रे सिद्ध करणे आणि तो बाजारात विकणे हे सत्तरीतील निवृत्त व्यक्तीसाठी सोपे काम नव्हते. सागवानी तुळई बदलण्यासाठी लागणारा सुतार व त्याची मजुरी यांची सोय या व्यवस्थेतून झाली नाही. वारसा शहराचा आणि खर्च मालकाचा, अशी विभागणी झाली.

नकाराचे मार्ग

या पार्श्वभूमीवर ज्येष्ठ मालकांनी जो प्रतिकार केला त्याचे स्वरूप मोर्चा वा उपोषणाचे क्वचितच होते. त्याचे तीन मार्ग दिसून येतात.

पहिला मार्ग साध्या नकाराचा. प्रस्ताव येतात, रक्कम वाढते, मध्यस्थ बदलतात; मालक विकत नाही. कायदेशीर दृष्ट्या ही कोणतीही कृती नाही. परंतु गल्लीच्या मधोमध असलेले एक घर विकले गेले नाही तर शेजारच्या दोन भूखंडांचे एकत्रीकरण अडते आणि मोठी योजना कागदावरच राहते. एका घराचा नकार असा आजूबाजूच्या घरांनाही काही वर्षे मिळवून देतो.

दुसरा मार्ग अर्ज-विनंतीचा. हरकतींचे अर्ज, वृत्तपत्रांतील पत्रे, वास्तुविशारद व इतिहास अभ्यासकांची मदत आणि प्रसंगी न्यायालय यांचा आधार घेण्यात आला. इंग्रजी शिक्षण व कार्यालयीन नोकरीचा अनुभव असलेल्या पिढीला हा मार्ग परिचयाचा होता.

तिसरा मार्ग वस्ती दृश्यमान करण्याचा. नाताळातील सजावट, मार्गदर्शकासह वाडीत फिरण्याचे कार्यक्रम, घरातील खोल्या पाहुण्यांसाठी उपलब्ध करून देणे यांतून वाडीची ओळख वाढली व काही घरांना दुरुस्तीपुरते उत्पन्नही मिळाले. या मार्गाची दुसरी बाजूही आहे. वाडी प्रसिद्ध झाली तसे छायाचित्रणासाठी येणाऱ्यांची गर्दी वाढली आणि रहिवाशांच्या खासगीपणाचा प्रश्न निर्माण झाला. ओट्यावर बसलेली वृद्ध व्यक्ती ही प्रेक्षणीय वस्तू नव्हे, याची जाणीव करून द्यावी लागली.

घरातील फाटा : वारसाहक्काचा प्रश्न

प्रतिकार बहुधा बाहेरच्या दबावाने मोडत नाही. तो घरातील वाटणीच्या वेळी मोडतो. ही बाब समजण्यासाठी वारसा कायद्याकडे पाहणे आवश्यक आहे.

ख्रिस्ती व्यक्ती मृत्युपत्र न करता मरण पावल्यास भारतीय वारसा कायदा, १९२५ लागू होतो. त्यानुसार विधवेला एक-तृतीयांश आणि मुलांना उरलेला दोन-तृतीयांश भाग समान वाट्याने मिळतो. मुलगा व मुलगी असा भेद नाही, ही या कायद्याची न्याय्य बाजू होय. आता एक कल्पित उदाहरण घेऊ. एका घरमालकाच्या मागे पत्नी व सहा मुले आहेत. प्रत्येक मुलाचा वाटा एक-नवमांश. त्यांपैकी एक मुलगा पुढे पत्नी व तीन मुले मागे ठेवून वारला, तर त्या प्रत्येक नातवंडाचा वाटा एक्याऐंशी भागांपैकी दोन भाग होतो. दोन पिढ्यांतच एका जिन्याच्या घराला दहा मालक होतात. त्यांतील काही वसई-विरारला, काही आखातात, काही कॅनडात किंवा ऑस्ट्रेलियात. घरात मात्र राहते एकच वृद्ध बहीण किंवा भाऊ. मालमत्ता पत्रकावर अनेकदा आजोबांचेच नाव कायम असते.

अशा घराचे रक्षण करण्याचा विचार जुन्या कायद्यांनी केला होता, ही लक्षणीय गोष्ट आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या ४४ व्या कलमानुसार अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा विकत घेणाऱ्या परक्यास त्या घरात सामाईक ताबा मागता येत नाही. विभाजन कायदा, १८९३ च्या चौथ्या कलमानुसार अशा परक्याने वाटणीचा दावा लावल्यास इतर हिस्सेदारांना त्याचा हिस्सा न्यायालयाने ठरविलेल्या किमतीस विकत घेता येतो. राहते घर ही इतर मालमत्तेसारखी वस्तू नाही, हे तत्त्व एकोणिसाव्या शतकातील कायद्याने मान्य केले होते.

परंतु या तरतुदीचा लाभ घेण्यासाठी हिस्सा विकत घेण्याइतके पैसे हवेत. जमिनीचा भाव सामान्य होता तोपर्यंत भाऊ भावाचा वाटा विकत घेऊ शकत होता. निर्देशांक वाढला, भाव वाढले आणि एक-नवमांश वाट्याची किंमतही निवृत्त व्यक्तीच्या आयुष्यभराच्या बचतीपलीकडे गेली. कायद्याचे शब्द तसेच राहिले, पण त्यांतील आधार निघून गेला. विकास नियमावलीतील एका आकड्याने विभाजन कायद्यातील एक कलम निष्प्रभ केले, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

दूर राहणाऱ्या हिस्सेदारांची भूमिकाही समजून घेतली पाहिजे. त्यांच्यावर मुलांचे शिक्षण, घराचे कर्ज यांचा भार असतो. ज्या घरात ते कधीच परतणार नाहीत, त्यातील वाटा त्यांना हवा असणे यात गैर काही नाही. घरात राहणाऱ्या वृद्धाचा नकार त्यांच्या दृष्टीने त्यांच्या हक्काची अडवणूक ठरतो. म्हणून या प्रतिकाराची किंमत अनेकदा नातेसंबंधांत मोजावी लागते. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्याने, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता अट मोडल्यास परत मिळण्याची सोय केली. मात्र भावंडांमधील हिस्सेवाटणीच्या प्रश्नाला हा कायदा स्पर्श करीत नाही.

प्रतिकाराची दुसरी बाजू

जुन्या वस्तीतील सर्व ज्येष्ठांना जतन हवे असते असे नाही, याचे ठळक उदाहरण शिवाजी पार्कचे आहे. २०१२ मध्ये वारसा यादीत सुमारे साडेनऊशे नव्या नोंदी प्रस्तावित झाल्या व त्यांत शिवाजी पार्क परिसराचा समावेश होता. तेथील अनेक रहिवाशांनी या समावेशास विरोध केला. जिने चढवत नाहीत, उद्वाहन नाही, इमारती जुन्या झाल्या आहेत आणि वारसा दर्जा मिळाल्यास पुनर्विकास अडेल, ही त्यांची चिंता होती. खोताच्या वाडीत वारसा दर्जा हे ज्येष्ठांचे शस्त्र ठरले. शिवाजी पार्कात तो त्यांना बेडीसारखा वाटला.

सुरक्षिततेचा प्रश्नही दृष्टीआड करता येत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये भेंडी बाजार भागातील हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. जुनी वास्तू केवळ जुनी आहे म्हणून राखावी, असा युक्तिवाद अशा घटनेपुढे टिकत नाही. परंतु दाट भाडेकरू असलेली चार-पाच मजली इमारत आणि मालकाने स्वतः राखलेले दोन मजली घर यांना एकाच मापाने मोजणे हेही योग्य नाही. वांद्र्याच्या रणवारसारख्या जुन्या पाखाड्यांतही हाच भेद लक्षात घ्यावा लागतो.

निष्कर्ष

१. वाडी-पाखाड्यांतील स्वमालकीची घरे टिकण्यात नियमावलीइतकाच, किंबहुना अधिक वाटा ज्येष्ठ मालकांच्या नकाराचा आहे. या नकाराची दखल जतनाच्या इतिहासात घेतली गेली पाहिजे.

२. नकार देण्याची क्षमता ही केवळ भावनेवर अवलंबून नव्हती. घर भाडेकरूमुक्त असणे आणि हिस्सेदारांची संख्या कमी असणे या दोन गोष्टी निर्णायक ठरल्या.

३. ट्रस्टच्या काळात दडपण सरकारी संपादनाचे होते व वाद भरपाईचा होता. १९९१ नंतर दडपण बाजाराचे झाले आणि वाद घराच्या उंबरठ्याच्या आत आला.

४. १९९५ च्या वारसा नियमावलीने वास्तूला मान्यता दिली, पण मालकाला पुरेसे साहाय्य दिले नाही. दुरुस्तीसाठी अनुदान वा अल्पव्याजी कर्ज, मालमत्ता करात सवलत आणि कुटुंबातील हिस्से विकत घेण्यासाठी घरातील रहिवाशास अर्थसाहाय्य, या तीन उपायांचा विचार होणे आवश्यक आहे.

५. ज्येष्ठ रहिवासी हा एकसंध गट नाही. मालक, भाडेकरू व सदनिकाधारक यांचे हितसंबंध भिन्न असल्याने एकच धोरण सर्वत्र लागू करता येणार नाही.

समारोप

वृद्ध मालकाचा नकार त्याच्या हयातीपुरताच असतो. त्याच्या पश्चात तो प्रश्न वारसांकडे जातो आणि तेथे बहुधा सुटतो तो विक्रीनेच. खोताच्या वाडीतील घरांची संख्या ६५ वरून तिसाच्या आत आली, ती याच वाटेने मोठ्या प्रमाणावर आली असण्याची शक्यता आहे. उरलेली घरे राखायची असतील तर एका व्यक्तीने पेललेला हा भार कायदा, महापालिका आणि समाज यांनी वाटून घेतला पाहिजे. ज्या घराला शहराने आपला वारसा म्हटले, त्या घराच्या छपराखाली राहणाऱ्या माणसालाही त्या शब्दाचा काही उपयोग झाला पाहिजे, ही अपेक्षा अवाजवी नाही.